पिवळा पट्टा

ग्राविना, १२ जून १९९४

ती. नुंझिओदादास,
धाकट्या रोसारियाचा सा. न. वि. वि.

नाताळच्या कार्डापलीकडे कधी काही न लिहिणारी बहीण आज लांबलचक लिहितेय म्हणून घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. तुमच्या भांडणाच्या त्या शेताबद्दल सांगायचंय.

एकवीस वर्षांपूर्वी त्यात पहिल्यांदाच गहू पेरला होता, त्याच कापणीला तू गेलास आणि बाबांनी ते पुन्हा मेंढरांना सोडून दिलं. यंदा माझ्या नवऱ्याने हट्टाने तिथे गहू पेरला. काय सांगू, बाकी गहू कमरेला लागतोय आणि मधोमध तुझ्या वेळचाच तो पट्टा, पिवळा, खुरटा! बाबा बांधावर उभे राहून बघत राहिले आणि घरी गेले.

मग विद्यापीठाची माणसं आली. दोन वीत खणलं तर खाली मोठाले सपाट दगड, त्यांवर चाकोऱ्या पडलेल्या. जुना रोमन रस्ता आहे म्हणे. मुळांना खाली जायला जागाच नव्हती रे! आणि त्या पट्ट्यापायी बाबांनी सगळ्या कापणीवाल्यांसमोर तुला कामचोर म्हणून घराबाहेर काढलं.

आता रोज त्या खड्ड्याशी जाऊन बसतात. काल म्हणाले, त्याला लिही. काय लिहू विचारलं, तर माझ्यावरच खेकसले, तुला शाळेत कशाला घातलं होतं? तेव्हा दादा, तूच काय ते समज आणि ये.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी रोसा


तोरिनो, २० जून १९९४

चि. रोसास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना माझा चेहरा बघून तुझ्या वहिनीने दोनदा विचारलं, कोण गेलं म्हणून.

रोसा, बाबांना माफी मागायला लावू नकोस. त्या पेरणीच्या दिवशी मला आल्तामुराच्या जत्रेला जायचं होतं. शेताचा मधला भाग मी घाईघाईत, हात राखून पेरला आणि उरलेलं बियाणं ओढ्यात ओतलं. पट्टा पिवळा पडला तेव्हा मला वाटलं, आपलंच पाप वर आलं. म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. बाबा मला घालवत होते आणि मी मनात म्हणत होतो, बरोबर आहे यांचं. इतकी वर्षं रागाने नाही, लाजेने आलो नाही.

हे त्यांना वाचून दाखव. मग त्यांनी बोलावलं तर येईन.

प्रकृतीला जप, नवऱ्याला फार छळू नकोस.
तुझा दादा


ग्राविना, २८ जून १९९४

ती. दादास सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. मी ओढ्यातल्या बियाण्याशी आले तशी बाबांनी तुला एक कचकचीत शिवी हासडली, मनापासून. बाकीचं शेवटपर्यंत ऐकलं. मग कपाट उघडून लग्नातला कोट काढला आणि मला बटण लावायला दिला. मी म्हटलं, दादाच येतोय ना? तर म्हणाले, "दार मी लावलं होतं. ठोठावायला मीच जायला हवं."

ऐंशी वर्षांत बारी शहराच्या पुढे न गेलेला माणूस शनिवारी गाडीत बसतोय. रविवारी सकाळी स्टेशनवर वेळेआधी ये. पत्ता ते कुणाला विचारायचे नाहीत. आणि मला सारखं विचारतायत, नुंझिओचे केस पिकले असतील का गं, मला तो ओळखू येईल का? तेव्हा टोपी घालू नकोस.

तुझी रोसा