पेरूचं फूल, वीस ओळींत

३ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.

राग वहीत काढायचा असं ठरवलं आहे. घरात काढला की सातुर्निनामावशी पुढ्यात गरम चिपा ठेवते, आणि तोंडात चीजची भाकरी असताना माणसाला धड भांडता येत नाही.

काल संघाची बैठक झाली. आमच्या इतागुआ गावातल्या, न्यांदुती म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस हाताने विणणाऱ्या बायकांचा संघ. बाजारात मशीनवर केलेली जाळी आमच्या नावावर खपते, म्हणून संघाला वेबसाइट हवी आहे. १५ जुलैला, जत्रेच्या दिवशी, उघडायची. पहिल्याच पानावर मावशीचं पेरूचं फूल, खाली तिचं नाव. तसं फूल गावात दुसऱ्या कुणाला विणता येत नाही. देर्लिस म्हणाला, फोटो काढून टाकू. देर्लिस बसथांब्याजवळ मोबाइल दुरुस्त करतो. त्याची झेप फोटोपर्यंतच.

मी उभा राहिलो. म्हटलं, फोटो कुणीही काढतं, मी ते फूल ब्राउझरमध्ये डोळ्यांसमोर विणून दाखवेन. शेडर नावाचा प्रोग्रॅम लिहून. वीस ओळींत. शेडर हा शब्द मी गेल्या मंगळवारी एका व्हिडिओत ऐकला होता.

अध्यक्ष पेत्रोनाबाईंनी मावशीकडे पाहिलं. बैठकीत कधी तोंड न उघडणारी मावशी म्हणाली, "माझा मुलगा करतो म्हणतोय, तर करेल." मी तिच्या धाकट्या बहिणीचा, पण ती मुलगाच म्हणते.

योजना: पहिले दोन आठवडे शिकणे. तिसऱ्या आठवड्यात फूल. उरलेले अकरा आठवडे सुधारणा.

८ एप्रिल.

पहिला धडा, सगळी स्क्रीन लाल करणे. झाली. मावशीला बोलावून दाखवली. छान आहे म्हणाली, आणि फूल कुठे आहे ते विचारलं. म्हटलं, यातूनच येणार. ती लाल रंगाकडे बघत बराच वेळ उभी राहिली, बसची वाट बघावी तशी.

१३ एप्रिल. दुपारी.

तीन दिवस गेले. का, तर या भाषेत १ लिहिलेला चालत नाही, १.० लिहावा लागतो. एका टिंबासाठी तीन दिवस. आणि कुणाचे, तर ज्याने आयुष्यात एक स्वल्पविराम चुकवला नाही त्याचे. संघाच्या ग्रुपवर सगळ्या बायकांच्या चुका मी दुरुस्त करतो. शिकवणाऱ्या माणसाला सविस्तर पत्र लिहिलं, सोबत त्याच्या व्हिडिओतल्या अकरा चुकांची यादी. उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

२० एप्रिल.

आता मला सगळं समजलं आहे. शेडर म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याला दिलेला एकच हुकूम. प्रत्येक ठिपका तो आपल्यापुरता पाळतो. शेजारच्याला कोणता रंग आला हे त्याला विचारता येत नाही. मावशीला हे समजावलं. ती म्हणाली, शेजारणीच्या हाताकडे न बघता कुणी विणतं का? असल्या शंकांमुळेच देश मागे राहिला.

शेडरला मात्र काही विचारायची सोय नाही. तो बोलत नाही. आकडा शून्याहून मोठा असला तर लाल हो, लहान असला तर निळा हो, अशी विनवणी करायची. आज दिवसभर तो काळा होता. काळा म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही.

४ मे.

शिकण्याचे दोन आठवडे मी चारपर्यंत वाढवले आहेत. ही दिरंगाई नाही, हा फेरविचार आहे.

मावशी म्हणाली, तासभर माझ्याजवळ सुई घेऊन बस, काड्या मोज, मग लिही. काड्या म्हणजे मधल्या बिंदूतून चौफेर ताणलेले धागे. आधी त्या भरायच्या, मग त्यांच्यामधून फूल विणायचं. मी नम्रपणे नकार दिला. वर्तुळाला गणित असतं, मोजणी लागत नाही. मी बत्तीस काड्या धरल्या आहेत. बत्तीस हा आकडा भागायला सोपा.

ती म्हणाली, बरं. तिचं हे "बरं" मला फार लागतं.

संकल्प: १) पहाटे उठणे. २) देर्लिसबरोबर माते, म्हणजे तो कडू पाल्याचा चहा, प्यायला न बसणे. ३) न रागावणे.

५ मे.

क्रमांक तीन रद्द.

२२ मे.

गोल आला. खराखुरा गोल, त्यात बत्तीस काड्या, आणि फिरतोसुद्धा. एकशे चौऱ्याण्णव ओळी झाल्या, पण निम्म्या माझ्याच टिपा आहेत, त्या धरायच्या नसतात.

देर्लिसला दाखवायचं नव्हतं. तो चार्जर द्यायला आला आणि त्याने पाहिलं. म्हणाला, "लेका, सायकलचं चाक झकास झालंय. घंटी कधी बसवतोस?"

त्याच्याशी संबंध तोडले.

९ जून.

संबंध तात्पुरते जोडावे लागले, कारण माझ्याकडे दुसरा फोन नाही. त्याच्या दुकानातल्या एका स्वस्त फोनवर फूल लावून पाहिलं. अर्धा मिनिट ठीक. मग चाक अडखळू लागलं, पायरीपायरीने उड्या मारू लागलं, आणि थांबलं. देर्लिसने हळूच सांगितलं की वेळेचा आकडा वाढत जातो, या फोनला एवढा मोठा आकडा पेलत नाही, दर फेरीला तो परत शून्यावर आण. मी म्हटलं, दोष फोनचा आहे. तो म्हणाला, असेल, पण संघातल्या सगळ्या बायकांकडे हाच फोन आहे.

घरी येऊन आकडा शून्यावर आणला. हे माझ्या डोक्यात आधीपासून होतंच.

२७ जून.

संघात दाखवलं. मी भिंतीजवळ उभा होतो, हातात छडी, पाठीमागे प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेलं चाक. म्हणजे फूल.

बायका बघत राहिल्या. एउस्तासिआ नावाची एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, सगळ्या पाकळ्या सारख्याच कशा? मी म्हटलं, तीच तर कमाल. ती म्हणाली, सातुर्निनाच्या फुलाला एका बाजूला दाटी असते, तिथे धागा संपतो आणि ती नवा जोडते, त्यावरून आम्ही तिचं फूल ओळखतो. मी सांगितलं की ती चूक मी दुरुस्त केली आहे.

पेत्रोनाबाई म्हणाल्या, अजून वेळ आहे, फोटोचा विचार करू या. तेव्हा मावशी म्हणाली, पोराने फार मेहनत घेतली आहे, राहू द्या.

घरी येताना मी तिला विचारलं, तुला आवडलं ना? ती म्हणाली, गोल चांगला आलाय.

संतापाने जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

११ जुलै.

दाटी घालून पाहायची असं ठरवलं. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, प्रयोग म्हणून. एका बाजूच्या काड्या जवळ आणल्या तर उरलेलं फूल फाटलं. फाटलेलं जोडलं तर मधोमध भोक पडलं. भोक बुजवलं तर काळा.

मावशी शेजारच्या खोलीत चौकटीवरच्या जाळीला खळ लावत होती. जाऊन विचारायला हरकत नव्हती. पण तीन महिने नाही विचारलं, आता चार दिवस उरले असताना विचारलं तर तिला वाटेल मला येत नाही.

जुनंच ठेवलं. सारखेपणा हा दोष नाही.

१५ जुलै, शनिवार. सकाळी ६.

थंडी. दक्षिणेचा वारा. शर्टाला इस्त्री केली. मावशीने ठेवणीतला शाल-रुमाल काढला आहे, तिनेच विणलेला. आज लोकांना कळेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.

भिंतीवर फूल दिवसभर फिरलं. एकदाही अडखळलं नाही. ही गोष्ट आधी नोंदवून ठेवतो.

अकरा वाजता राजधानीहून, असुन्सिओनहून, एक दुकानवाली आली. सोन्याची कानातली, ताठ मान. भिंतीसमोर थांबली, खालचं नाव वाचलं, सातुर्निना कोण ते विचारलं. मावशी पुढे झाली. त्या बाईने तिचा हात हातात घेतला, फार कौतुक केलं, आणि विचारलं, "इतकं एकसारखं येतं म्हणजे, बाई, मशीन कुठलं वापरता?"

मावशीच्या हातात सुई होती.

मी मध्ये पडून समजावणार होतो. शेडर, ठिपके, सगळं. पण सुरुवात कुठून करावी ते ठरेना. बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. मावशीने भिंतीकडे पाहिलं, मग त्या बाईकडे.

"मशीन माझ्या भाच्याकडे असतं," ती म्हणाली.

भाचा. बरोबरच आहे. नात्याने मी भाचाच आहे.

दुकानवाली मान डोलावून पुढच्या टेबलाकडे गेली. पेत्रोनाबाई माझ्याकडे आल्या नाहीत. आल्या असत्या तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती.

१६ जुलै.

दोष कुणाचा, याची यादी केली. दुकानवालीचा, तिला कशातलं काही कळत नाही. देर्लिसचा, कारण त्याने वेळेवर ठामपणे विरोध केला नाही. एउस्तासिआचा. शिकवणाऱ्या माणसाचा. पान भरलं. पुन्हा वाचलं. एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

दुपारी मावशी दारात आली. हातात माते, माझ्यासाठी. म्हणाली, "बाळा, त्याखालचं माझं नाव काढ. चित्र राहू दे. तू केलंयस, तुझं लिही."

मी म्हटलं, अजून सुधारता येईल. पुढच्या जत्रेपर्यंत दाटी आणतो, काड्या मोजतो, तू सांगशील तितक्या.

ती म्हणाली, बरं. आणि खळीचं भांडं घासायला गेली.

१९ जुलै.

तिचं नाव काढलं. पहिल्याच फटक्यात चाललं. लाल नाही, काळा नाही, काही नाही.

त्या जागी माझं नाव लिहिलं. तेही चाललं.

अर्धा तास बघत बसलो. मग तेही काढलं.