चार वाजताचा कॉलम

२ डिसें., मंगळवार
निर्दोष.

बाराच्या सुमारास वॉर्डात कळलं. पाच नंबरच्या आजीला सलाईन लावत होते. साफसफाईची मावशी धावतच आली, "माया सिस्टर, साहेब सुटले! साफ सुटले!" शीर हुकली. आजी कळवळली. दुसऱ्या हाताला टोचावं लागलं बिचारीला.

एक वाजता गेटसमोर फटाक्यांची लड. 'शांतता क्षेत्र' लिहिलेल्या पाटीच्या बरोबर खाली. पेशंटचे नातेवाईक खिडक्यांत येऊन पाहून राहिले, कोणाची वरात आली म्हणून. मग पेढे. मेट्रन स्वतः डबा घेऊन वॉर्डावॉर्डात. मी घेतला. नको म्हणायची हिंमत नाही झाली. खिशात टाकला, घरी येईपर्यंत खिसा तुपकट.

र.ला सहा वेळा फोन लावला. बंद.

३ डिसें.
पेपरात पहिल्या पानावर आमच्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, साहेब, गळ्यात हार. तिचं नाव नाही, कायद्यानं छापता येत नाही. 'तक्रारदार परिचारिका'. मीही इथं र. एवढंच लिहिते. रोजनिशी कोणाच्या हाती पडेल काय सांगावं.

तीन वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहिली. पारशिवनीकडची, शेतकऱ्याची पोरगी. माझ्याच वॉर्डात, माझ्याच हाताखाली शिकली. मला ताई, आईला आई. केस झाल्यावर तिच्या बाबांनी घरी नेलं. खोली तशीच आहे. आई रोज वर जाऊन झाडते. कशाला म्हटलं तर म्हणते, "धूळ काय कोणाची वाट पाहते काय वं?"

ड्यूटी संपवून धंतोलीच्या हॉस्पिटलहून ऑटोनं आले. ऑटोवाला आपणहूनच सुरू झाला. "पाहा मॅडम, सही तिचीच होती म्हणते. अन् कोर्टात म्हणे, माही नाही. स्वतःच्या सहीले नाही म्हणणारी पोट्टी, बाकी काय खरं बोलणार?"
मी म्हटलं, इथंच थांबवा.
घर दीड किलोमीटर होतं अजून. चालत आले.

५ डिसें.
लिहूनच टाकते. कुठंतरी खरं असलं पाहिजे.

त्या दिवशी आम्हा दोघींची दुपारची ड्यूटी. पावणेचारला साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, रजेच्या अर्जाबद्दल. चारला तिच्या सहा बेडचा तक्ता भरायचा होता. ताप, नाडी, श्वास. ती येईना. कॉलम रिकामा दिसला की मेट्रन सगळ्यांसमोर झापतात, म्हणून मी भरला. आकडे खरे होते, मीच मोजले. फक्त खाली सही तिची केली. र. अन् आडनावाचं अक्षर. आम्ही सगळ्याच करतो. ही बाथरूमला गेली तर ती करते, तिचा डबा राहिला तर ही. माझी सही तिनं किती वेळा केली असेल. आमच्यात हे प्रेमाचंच काम.

साडेचारला आली. चेहरा पांढराफटक. ओठ फुटलेला. मला म्हणाली, "ताई, मले घरी नेऊन दे."

कोर्टात त्यांच्या वकिलानं तोच तक्ता काढला. चारला तुम्ही केबिनमध्ये होता म्हणता, मग चारला सहा पेशंटच्या नाड्या कोणी मोजल्या? ती म्हणाली, सही माझी नाही. मग कोणाची? ती म्हणाली, माहीत नाही.

माहीत होतं तिला. माझा र तिला लांबूनही ओळखू येतो, चिडवायची त्यावरून. म्हणायची, "ताई, तुह्या र चं पोट सुटलं." तिनं माझं नाव घेतलं नाही. माझी नोकरी जाऊ नये म्हणून. तिला वाटलं असेल, ताई आपणहून सांगील.

पंधरा दिवसांनी माझी साक्ष. वकिलानं तक्ता पुढे धरला, ही सही कोणाची? मेट्रन मागच्या बाकावर बसलेल्या.
मी म्हटलं, "तिचीच दिसते."

दोन शब्द.

६ डिसें., शनिवार
पांढरी साडी. आईसोबत सकाळी विहारात. मेणबत्त्या, गर्दी, बाया-पोरं. पंचशील म्हणताना चौथ्याशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, थांबले. लहानपणापासून म्हणते, झोपेतही म्हणता येईल. ओठ नुसते हलवले. आईनं एकदा पाहिलं माझ्याकडे.

येताना बाजारात तुरीच्या शेंगा दिसल्या. दर डिसेंबरात र. बाबांच्या वावरातून पिशवी भरून आणायची. गच्चीवर मीठ टाकून उकडायच्या अन् तिघींनी सोलत बसायचं. ती बोलायची सगळ्यात जास्त अन् खायचीही सगळ्यात जास्त. एका शेंगेत चार दाणे निघाले की ओरडायची, "माह्यं लग्न जमलं!"
घेतल्या नाहीत. विकतच्या नको.

७ डिसें., रविवार
संविधान चौकात निषेध होता संध्याकाळी. गेले, मागे उभी राहिले. तोंडाला स्कार्फ. दोन-अडीचशे बाया असतील. कॉलेजच्या मुली, म्हाताऱ्या. एक मुलगी माईकवर म्हणाली, "तिनं सांगितलं होतं, सही माझी नाही! मग ती कोणाची, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही काय?" टाळ्या. माझ्या बाजूची बाई म्हणाली, "खरंच ना वं. कोणीतरी केली असंल ना ती." अन् माझ्या हातात तिची जास्तीची मेणबत्ती दिली.
धरली. मेण बोटावर सांडलं तरी धरून राहिले.

वॉर्डाच्या ग्रुपवर मात्र साहेबांना शुभेच्छांची रांग. अंगठे, हार, हात जोडलेले. कोणीतरी लिहिलं, 'आता तिच्यावर अब्रुनुकसानीची टाका.' खाली सव्वीस अंगठे. मेल्यांनो, तिच्या हातचं लोणचं खाल्लंय तुम्ही सगळ्यांनी.

९ डिसें.
विधिमंडळाचं अधिवेशन सुरू. रस्ते बंद, पोलीस, मंत्री. पेपरातून केस गेली. आठ दिवस तिला चघळलं अन् आज पान उलटलं. चौकात साहेबांचं बॅनर मात्र आहेच, 'सत्याचा विजय'. दोन वेळा त्याच्याखालून जावं लागतं.

रात्रीचं सोडा, दिवसाही तीच दिसते. लिनन रूममध्ये तिचा जुना मग आहे, दांडी तुटलेला, त्यात आता कोणीतरी पेनं ठेवली. हातात घेऊन उभी राहिले. किती आठवण येते वं तुझी. कोणाला सांगू? जिला सांगायची सवय, ती तूच.

१० डिसें.
आईला सांगितलं. जेवताना. तीच म्हणाली होती, "जेवून काहून नाही राहिली वं?" अन् तोंडातून सगळं निघालं.

ताट बाजूला सारलं तिनं. मग म्हणे, "म्या लोकायची भांडी घासली, ते तू खरं बोलशील म्हणून नाही घासली. तुले पोटाले मिळावं म्हणून घासली."
मला वाटलं, चला, आई तरी माझ्या बाजूनं.
मग म्हणे, "पण तिलेही तर पोट होतं ना वं. अन् तिनं तुह्यं नाव नाही घेतलं."
अन् उठून वर गेली. खोली झाडायला. एका दिवसात दुसऱ्यांदा.

१२ डिसें.
र.च्या वकील मॅडमकडे गेले. छोटं ऑफिस, फायलींचे ढीग. ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "आता येऊन राहिल्या तुम्ही!" मग शांतपणे एकेक सांगितलं. अपील करायला मुदत आहे. मी प्रतिज्ञापत्र द्यायचं. वरचं कोर्ट ते घेईल, नाही घेईल, सांगता येत नाही. खोटी साक्ष दिली म्हणून माझ्यावर केस होऊ शकते. रजिस्ट्रेशन जाऊ शकतं. एकोणीस वर्षांची नोकरी तर गेलीच समजा.
"पण आधी तिचं हो पाहिजे. तिला परत कोर्ट नको असेल तर हा कागद माझ्या ड्रॉवरमध्येच राहील."
म्हटलं, लिहा.
कागदावर र काढून दाखवायला सांगितला. काढला. पोट सुटलेला.

१४ डिसें., रविवार
पारशिवनी. कन्हानच्या पुलावर बस अर्धा तास अडकली, मला बरंच वाटलं. पुढे काळीपिवळी जीपनं गावात. मागच्या वेळी आले होते तेव्हा ती स्टॉपवर उभी होती, सायकल घेऊन, दात काढत.

तिचे बाबा अंगणात. ओळखलं. "बसा ना ताई." पाणी दिलं. मी जे केलं ते त्यांना माहीत आहे की नाही, कळेना. पेला खाली ठेवला. विचारलं, ती आहे काय? ते आत गेले, परत आले, खाली मान घालून म्हणाले, "नाही येत म्हणते बाहेर."
मग मी दाराशी जाऊन बसले. उंबऱ्याच्या अलीकडे. दार लोटलेलं. आतून बांगडीचा आवाज आला, म्हणजे पलीकडेच होती.

सगळं सांगितलं. कागदाचं, मॅडमचं. तू हो म्हटलं तर देते. नको म्हटलं तर तेही ठीक.
मग आतून, "तेव्हा काहून नाही बोलली वं ताई?"
वर्षभरानं ऐकला तो आवाज. बारीक झाला होता.
सबबी होत्या ना माझ्याकडे, मेट्रन, नोकरी, आई. एकही बाहेर आली नाही. म्हटलं, "भ्याली मी."
"मी पण भ्याली होती."
एवढंच. मी रडत बसले, तिच्या बाबांसमोर, लाज सोडून. गाडीची वेळ झाली तसा परत आवाज आला. "आई कशी आहे?"
"तुझी खोली झाडते रोज."

बाबांनी पिशवी आणून दिली. तुरीच्या शेंगा. "आईसाठी म्हणते."
आईसाठी. बरोबर आहे.

१६ डिसें.
मेट्रनसमोर सांगितलं, त्या दिवशीची सही माझी होती. लेखी दिलं. पहिले हसल्या. मग दार लावलं. "माया, डोकं फिरलं काय तुझं? आपणच बुडू ना सगळ्या!" दुपारपर्यंत निलंबनाची नोटीस हातात. ग्रुपमधून काढलं. मावशी तेवढी गेटपर्यंत आली, पिशवी धरून. म्हणाली, "मलेही माहीत होतं वं सिस्टर. मी तेव्हा तिथंच पोछा लावून राहिली होती." अन् परत आत गेली.
म्हणजे आणखी एक.

१७ डिसें.
घरी. आईनं शेंगा उकडल्या, मीठ जास्त झालं. दोघीच सोलत बसलो गच्चीवर. एका शेंगेत चार दाणे निघाले, आईनं ते बाजूला ठेवले.

मॅडमचा फोन आला सकाळी, र.नं अजून काही कळवलं नाही. कागद ड्रॉवरमध्येच आहे. थांबा म्हणाल्या.

चार वाजले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टी नसताना घरी, हातात कोणाची नाडी नाही. र.ला फोन लावला, सवयीनं, बंदची बाई बोलेल म्हणून कानापासून जरा लांबच धरला.
घंटी वाजली.
पूर्ण वाजली, शेवटपर्यंत. उचलला नाही. पण बंद नव्हता. उद्या चारला परत लावते.