भूकंप नोंदला गेलेला नाही

४ जानेवारी

साहेबांनी नव्या वर्षाची फाइल दिली. "जगातील लक्षणीय भूकंप." लक्षणीय म्हणजे तीव्रता साडेसहाच्या वर, किंवा मृत किमान दहा. नऊ माणसं मेली तर ते लक्षणीय नाही. मी विचारलं, नऊ आणि एक अत्यवस्थ असेल तर? हसले नाहीत. निकष म्हणजे निकष, म्हणाले. अठरा वर्षं हेच ऐकतेय. भूकंपमापन केंद्रात सगळे त्यांना पाठीमागे 'निकष'च म्हणतात. नाव मी ठेवलंय.

वर्षाचा पहिला आलासुद्धा. महासागराच्या तळाशी, सहा पूर्णांक नऊ. जवळची जमीन हजार किलोमीटरवर. मृत शून्य. तरी यादीत पहिला नंबर! एखादा मासा दचकला असेल.

११ जानेवारी

दिवसभर "जाणवलं का?" अर्ज. यादी सोडून माझं हेच काम. लोक कळवतात, अमुक वेळी जमीन हलली. मी यंत्राच्या नोंदीशी ताडून बघायचं. दहा मिनिटं मागेपुढे काही सापडलं तर 'जुळते' हा शिक्का, नाहीतर 'जुळत नाही' आणि छापील उत्तर, खाली माझी सही.

शंभरातले नव्वद जुळत नाहीत. ट्रक जातो, वरचे शेजारी कपाट सरकवतात, नवरा घोरतो, की लगेच भूकंप. एका गृहस्थाने लिहिलंय, धक्क्याच्या आदल्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा दुखतो. गुडघ्याची तीव्रता तेवढी लिहायची राहिली.

२ फेब्रुवारी

डोंगराळ मुलूख, सात पूर्णांक दोन. सकाळी आकडा चाळीस, जेवणाच्या सुट्टीत दोनशे, घरी निघताना अकराशे. निकष दर तासाला विचारतात, "अंतिम का?" मी म्हटलं, अजून माणसं ढिगाऱ्याखाली आहेत, त्यांचं ठरायचंय.

एका फोटोत एक बाई खुर्चीवर बसलीय. मागे घर नाही. मांडीवर प्रेशर कुकर, झाकण घट्ट लावलेलं. सगळं सोडून हाच का उचलला असेल? घरी आल्यावर मी माझ्या दोन खोल्यांतून फिरून पाहिलं, मी काय उचललं असतं. ही वही, बहुतेक. लाज वाटली. त्या बाईकडे निदान कुणाला तरी जेवू घालायचा विचार होता.

१९ फेब्रुवारी

आज एक अर्ज उघडला, तर अक्षर ताईचं! फोन आहे, बहीण याच केंद्रात आहे, तरी बाईसाहेबांनी रीतसर अर्ज भरलाय. "सकाळी साडेदहा. मांडणीतली भांडी वाजली. टांगलेला दिवा हलला नाही. खालून कुणी ढकलल्यासारखं वाटलं. घाबरलात का — हो."

जन्माची घाबरट. वीज कडाडली की माझ्या पांघरुणात शिरायची, आणि मी चार वर्षांनी धाकटी! यंत्रात काही नाही. शिक्का मारला. घरच्या माणसांसाठी वेगळा शिक्का नसतो.

२७ मार्च

ताईचे आणखी तीन. तिन्ही जुळत नाहीत. शेवटी फोन केला. म्हटलं, रक्तदाब तपासून घे. "तू म्हणतेस तर नसेल," म्हणाली. "तुझ्या यंत्राला कळतं. मला कुठे काय कळतंय."

मागून भावोजींचा आवाज: "सांग तिला, तिची बहीण घर हलवतेय!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसणं. भावोजी इमारतीचे अध्यक्ष आहेत. निवृत्तीनंतर मिळालेलं एकमेव पद. आठ बिऱ्हाडं आणि तळमजल्यावरची दोन दुकानं, पण थाट असा की राज्य चालवतायत.

५ मे

बेटांवर सहा पूर्णांक सहा. मृत नऊ. तीव्रतेवर पास झाला, नाहीतर गेलाच होता यादीतून.

१४ मे

चंद्राच्या कलांवरून भूकंप सांगणारा एक इसम टीव्हीवर. तारीख, वेळ, सगळं सांगतो. लोकांनी म्हणे सामान बांधलं. निकषांनी मला पत्रक लिहायला लावलं, की भूकंपाचं भाकीत जगात कुणालाही करता येत नाही. मी मन लावून लिहिलं. त्यांनी 'भोंदू' खोडून 'संबंधित व्यक्ती' केलं. बाकी सगळं माझं. यात मला मजा आली, हे खोटं कशाला बोलू.

११ जुलै

आज रजा घेऊन ताईकडे गेले. जिन्यापाशी फलक आहे, त्यावर काचेच्या आत माझं पत्र. "आपण कळवलेल्या वेळी आपल्या परिसरात कोणताही भूकंप नोंदला गेलेला नाही." खाली माझी सही. वर भावोजींच्या सुवाच्य अक्षरात: "रहिवाशांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. तज्ज्ञांच्या मते इमारत सुरक्षित आहे. — अध्यक्ष."

तज्ज्ञ म्हणजे मी.

शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आतून ठोकण्याचा आवाज. वाकून आत गेले. दोन दुकानांचं एक करणं चाललंय. मधली भिंत गेलीये, आणि भिंतीतला खांब कमरेच्या उंचीवर खाऊन टाकल्यासारखा. सळया बाहेर. आजूबाजूला लोखंडी टेकू लावलेत, म्हाताऱ्याला चारी बाजूंनी धरून उभं करावं तसे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तो खांब नावालाच होता."

वर गेले. ताईच्या स्वयंपाकघरात ओट्यावर हात टेकला. खाली ठोकायला लागले आणि तळव्याला खालून धक्का बसला. मांडणीतली भांडी वाजली. दिवा हलला नाही. ताई माझ्याकडे बघत होती. 'बघ' सुद्धा म्हणाली नाही. चहा गाळत राहिली.

१२ जुलै

ताईचे सगळे अर्ज काढून बसले. सात आहेत. सगळे सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या मधले. रविवारी एकही नाही. भूकंपाला साप्ताहिक सुट्टी! मी नुसती बहीण असते तर हे मार्चमध्येच दिसलं असतं. मी यंत्राकडे बघत बसले. निकषांना हसते मी!

१५ जुलै

भावोजींना फलकावरचं पत्र काढून टाकायला सांगितलं. दुकानदाराने वर्षभर बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करून दिली, म्हणून यांनी त्याला परवानगी दिली. आता अध्यक्षांचा शब्द म्हणजे शब्द.

"सही तुझीच ना?"

"हो."

"मग खोटं लिहिलंस का?"

"नाही. भूकंप नव्हताच."

"मग झालं तर."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने मला बिनतोड उत्तर दिलं.

२३ जुलै

निकष: "इमारत हा आपला विषय नाही." नवं पत्र द्यायला नकार. नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज न वाचताच परत सरकवला. इमारतीची तक्रार अध्यक्षांच्या सहीनेच यावी लागते. मी सांगितलं, तक्रार अध्यक्षांविरुद्धच आहे. म्हणाला, मग त्यांची सही घ्यायला जरा जड जाईल. एवढं बोलून चहाला गेला.

९ ऑगस्ट

साध्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फलकावर लावलं: खांब तोडलाय, घरं सोडा. रहिवासी जमले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांनी विचारलं, "पण मॅडम, भूकंप तर नाही ना?" म्हटलं, नाही. "मग?" म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. डोळ्यांसमोरच्या तुटलेल्या खांबाची भीती नाही, न येणाऱ्या भूकंपाची आहे. शिकलेली माणसं ही! संध्याकाळपर्यंत कागद भावोजींनी काढून टाकला. मागची बाजू कोरी होती म्हणून त्यावर पाण्याच्या वेळा लिहिल्या.

ताईला म्हटलं, तू तरी माझ्याकडे ये. म्हणाली, "आणि हे? आणि वरच्या म्हाताऱ्या बाई? आणि समोरच्यांची जुळी? मी एकटी कशी येऊ गं."

हिला मी घाबरट म्हणत होते.

३० सप्टेंबर

दोन आठवड्यांत जगात तीन लक्षणीय. आकडे भरले. एकाही ठिकाणाचं चित्र डोळ्यांपुढे येईना. सगळीकडे ताईचं स्वयंपाकघरच दिसतं.

१८ ऑक्टोबर

ताईच्या न्हाणीघराचं दार लागेना. भावोजींनी सुताराला बोलावून तासून घेतलं. दार बरोबरच होतं, घर वाकडं झालंय. बेडरूमच्या भिंतीतल्या फटीत ताईने पोस्टकार्ड घालून ठेवलं होतं, दर सोमवारी बघते. पूर्वी एक घट्ट बसायचं. आता तीन बसतात. हे तिने मला हसत सांगितलं, भिशी लागल्यासारखं.

१६ नोव्हेंबर

केलं एकदाचं.

केंद्राचा कागद, केंद्राचा शिक्का, माझी सही. "उद्यापासून तीन दिवस आपल्या परिसरात तीव्र धक्क्याची शक्यता आहे. घरं रिकामी करावीत." स्वतः नेऊन काचेवर चिकटवलं. मे महिन्यात ज्या हाताने पत्रक लिहिलं, त्याच हाताने. तिथून खोडलेला 'भोंदू' आता मला घेता येईल.

जिन्यात शिक्षकांनी विचारलं, "साधारण किती वाजता?" वेळ सांगितली की लोकांचा विश्वास बसतो, हे त्या चंद्रवाल्याला कळलं होतं. म्हटलं, अकराच्या आसपास. तिन्ही दिवस जपा.

चार महिने खरं सांगत होते, एक माणूस हललं नाही. आज दोन तासांत आठही बिऱ्हाडं खाली! जुळी, म्हातारी बाई, गाद्या, टीव्ही. सगळे मागच्या शाळेच्या सभागृहात. मोजली. एकतीस.

बत्तिसावे आले नाहीत. भावोजी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसलेत. "बघू तर, मेव्हणीबाईंचा भूकंप कसा दिसतो." खाली लोक हसले. मीही हसले, रागाने.

१८ नोव्हेंबर

दोन दिवस काही झालं नाही. अर्थातच. सभागृहात कुजबुज सुरू झालीये. केंद्रातून निकषांचा फोन आला. चौकशी लागलीये. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा.

ताई भावोजींना दोन वेळा डबा देऊन येते. मी मनाई केली. म्हणाली, "उपाशी ठेवू का?"

दुकानदार खूश. वर आवाजाची तक्रार करणारं कुणी नाही, म्हणून काँक्रीट फोडायचं मोठं यंत्र आणलंय. मी जाऊन शटरमध्ये उभी राहिले, यंत्र बंद केलं. "तीन दिवस इमारत रिकामी मिळालीये मॅडम, उरकून घेतो." मी म्हटलं, वर माणूस आहे. त्याने हात जोडले. मी नगरपालिकेत धावले. तिथले साहेब बैठकीत होते. परत आले तेव्हा यंत्र चालूच होतं.

वर जाऊन भावोजींना हाका मारल्या. दाराला आतून कडी. "अगं, वेळ चुकली वाटतं तुझी," म्हणाले.

२२ नोव्हेंबर

तेरवा, एकोणीसला. अकराला तीन मिनिटं कमी होती. कामगार आधी पळत बाहेर आले. दुकानदारही. मग आख्खी इमारत बसली, भावोजींच्या गॅलरीसकट. ताई डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

एकतीस जण जिवंत आहेत. शाळेपाशी मला बघून लोक उठून उभे राहतात. शिक्षक सगळ्यांना सांगतात, मॅडमनी मिनिटासकट सांगितलं होतं. दुकानातल्या यंत्राची गोष्ट कुणीच काढत नाही.

 आज ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "तुला वेळसुद्धा माहीत होती. मग दार फोडून यांना का नाही आणलंस?"

मला काही माहीत नव्हतं. मी फक्त दुकानदाराला घर रिकामं करून दिलं. ओठांवर आलं होतं.

मी मान खाली घातली. तिने ते 'हो' धरलं.