आल्तारवरचा रोझलिनाइट

१८ एप्रिल
रोझलिन आज माहेरी, होळी गावाला गेली. भांडण वगैरे काही नाही. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, केळी करपल्यात, चहा खारट लागतो, एवढंच. गोड पाणी लागलं की कळव, येते, म्हणाली. बॅग मात्र मोठी नेली. मे महिन्यात एका संध्याकाळी आळीची माळ, मरियामातेची प्रार्थना, आपल्याकडे असते, त्या दिवशी येईनच, असंही म्हणाली. म्हणजे नाराज नाही.
संकल्प: माळेच्या दिवसाआधी गोड पाणी. विहीर खोल करायची. या वेळी मधेच सोडणार नाही. मशरूमची गोष्ट वेगळी होती. मधमाश्यांचीही.

२१ एप्रिल
विहिरीच्या कामाला घेतलेल्या गंगारामने ब्रेकर लावला. खाली काळा कातळ. मी काठावर खुर्ची टाकून सुपरव्हिजन करतोय. ऊन फार. दुपारनंतर पडवीतून सुपरव्हिजन.

२४ एप्रिल, दुपार
इतिहास घडला! कातळात पोकळी निघाली, आख्खा नारळ मावेल एवढी. आत पांढरे, लांबट, चकचकीत स्फटिक. ओलेचिंब. गंगाराम म्हणाला, शेट, वल आली, पानी आता लांब नाय, फोडू दे. ताबडतोब काम बंद केलं. स्फटिकांवर ब्रेकर चालवतो म्हणे!
पलीकडच्या टेकडीला हिराडोंगरी म्हणतात. नाव उगाच पडतं का? आमच्या गिरीज गावात आजवर कोणी डोकंच चालवलं नाही.
स्फटिक अलगद काढून रोझलिनच्या केकच्या ट्रेमध्ये ठेवले.

२५ एप्रिल
सकाळपासून व्हिडिओ बघतोय. सगळं समजलं. एक सिलिकॉन, त्याच्याभोवती चार ऑक्सिजन, ही एक चौकडी. पृथ्वीचं कवच बहुतेक अशाच चौकड्यांचं. चौकड्या सुट्या राहिल्या की एक खनिज, साखळी धरली की दुसरं, थर झाले की अभ्रक, चहूबाजूंनी एकमेकींना धरलं की गारगोटी. मी आणि रोझलिन सध्या सुट्या चौकड्या. तात्पुरत्या.
तिला फोनवर हे समजावून सांगितलं. तिने पाण्याचं विचारलं.

२७ एप्रिल
स्फटिक कसे झाले तेही समजलं. लाव्हा आला, थंड झाला, त्यातले वायूचे बुडबुडे आत तसेच राहिले, पावाला जाळी पडते तसे. मग कातळातून गरम पाणी झिरपलं, सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेऊन आलं आणि त्या बुडबुड्यांत सावकाश मांडत बसलं. लाखो वर्षं. गंगारामने विचारलं, काम कधी चालू करायचं. त्याला हेच उदाहरण दिलं. त्याला पटलं असावं. बिडी पेटवून सावलीत जाऊन बसला.

३० एप्रिल
मेव्हणा निकोलस येऊन गेला. विहिरीत डोकावला, मग ट्रेमध्ये. म्हणाला, रोझलिन माणिकपूरला भाड्याने खोली बघतेय. चांगलं आहे. स्टेशन जवळ, बाजार जवळ. पण चार दिवसांसाठी खोली कशाला?
ठरवलं. माळेच्या दिवशी सगळ्या आळीसमोर स्फटिकांचं अनावरण. व्हिडिओत असलं खनिज कुठेच दिसलं नाही, म्हणजे नवीनच असणार. नाव ठेवायचा मान माझा. आधी माझ्या नावावरून फ्रेडराइट सुचलं होतं. मन मोठं केलं. रोझलिनाइट.

३ मे
ट्रे हॉलमधल्या आल्तारवर मांडला. जागा लहान पडली, म्हणून मरियामातेची मूर्ती फ्रिजवर ठेवली. रोझलिनच्या आईने लग्नात दिलेली मूर्ती आहे. सांभाळून उचलली. आल्तारचा लाल बल्ब काढून मोठा हॅलोजन लावला. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. काय चमकतंय!

५ मे
कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या ऋतिका मॅडमना फोटो पाठवले होते. त्यांचा फोन आला. बहुतेक लॉमोंटाइट आहे म्हणाल्या. दख्खनच्या कातळात सापडतं. सिलिकेटच, पण पोटात पाणी धरून असतं. कोरड्यात ठेवलं की पाणी उडतं आणि भुकटी होते. ओल्यात ठेवा, उष्णता लागू देऊ नका.
आवाजात थोडी असूया जाणवली. बल्ब चालूच ठेवलाय.

९ मे
वाट बघून कंटाळलो म्हणत गंगाराम शेजारी क्लेमेंटीनच्या वाडीत कामाला गेला. माणसाला धीर म्हणून नाही.

१४ मे
क्लेमेंटीनच्या विहिरीला गोड पाणी लागलं. कळशी भरून पाठवली तिने. मी परत केली. आपलंही येईलच.
स्फटिकांवर पांढरी साय धरलीय. पक्व होत असावेत. नजर लागू नये म्हणून वरून रुमाल घातला. बल्ब रुमालाच्या वर.

२१ मे, संध्याकाळ
आळी जमली. रोझलिन आली. वाळलीय. मी दोन शब्द बोललो आणि रुमाल ओढला.
ट्रेमध्ये पांढरी भुकटी.
क्लेमेंटीनने विचारलं, आल्तारवर मीठ कशाला मांडलंय? मागे कोणीतरी हसलं. मी लॉमोंटाइट समजवायला लागलो तोवर रोझलिन स्वयंपाकघरात गेली. विहिरीच्या टाकीचा नळ सोडल्याचा आवाज. मग घोट थुंकल्याचा. बाहेर येऊन तिने मूर्ती कुठे आहे ते विचारलं. सांगितलं. तिने स्वतःच फ्रिजवरून आणून, एक मेणबत्ती काढून, ट्रेशेजारी ठेवली. माळ झाली. मला एकही प्रार्थना धड आठवेना.
लोक गेल्यावर तिला हळूच सांगितलं, याला तुझं नाव दिलंय. तिने त्या भुकटीकडे बघितलं. मग बल्बकडे. बरोबर दिलंयस, म्हणाली.

२२ मे
रोझलिन सकाळी गेली. निकोलस स्कूटर घेऊन आला होता. मूर्ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली तिने. मी विचारलं, कळवू ना, गोड पाणी लागलं की? म्हणाली, माणिकपूरला नळ आहे.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
भुकटी भिजवून बघितली. लगदा झाला. ट्रे घासून ठेवला.
आल्तारवर आता भरपूर जागा आहे.