मास्तरांनी प्रार्थना करून ठरवलं

ता. ६ फेब्रुवारी

ति. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

भाऊजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. इकडची बातमी अशी, की मी आता कवळ्या बनवत नाही. गेल्या आठवड्यात हे स्वतः दातांच्या कारखान्यात गेले आणि मालकीणबाईंना सांगून आले की ही यापुढे येणार नाही. मला संध्याकाळी जेवताना कळलं. रागावून नव्हे गं, हे कधी रागावत नाहीत. शाळेत भूगोल शिकवतात तसं शांतपणे म्हणाले, की प्रार्थना करून ठरवलं आहे. पती हा पत्नीचं मस्तक, तेव्हा तिने त्याच्या अधीन राहण्यातच घराची शांती आहे.

तू म्हणशील, भांडलीस का नाही. मी तोंड उघडलं की हे डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करू लागतात. प्रार्थना करणाऱ्या माणसाला मध्येच कसं तोडायचं? मी अर्ध्या वाक्यात थांबते आणि शेवटी आमेनही मीच म्हणते.

दिवसभर पुसलेल्याच काचा पुसते. बोटांना कवळीच्या साच्यातल्या मेणाची आठवण येते.

भाऊजींना सलाम. माया आहे तशी असू दे.
तुझी,
धाकटी

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आयुष्यभर बस मीच चालवली, पण कुठे उतरायचं ते प्रवाशांनाच विचारावं लागलं. हसलीस ना? आता ऐक.

बायबलमधला तो अध्याय आपले बाबाही वाचायचे, पण ते अर्ध्यावर थांबत नसत. पुढे लगेच पतींना सांगितलं आहे, की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी पत्नीवर प्रीती करा. मास्तरांना गोडीत विचार, त्यांनी तुझ्यासाठी काय दिलं. आणि नाहीच जमलं तर इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे.

जेवत जा. तुझ्यावर जीव असलेली,
ताई

ता. ९ मार्च

ति. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

विचारलं. यांनी तो अध्याय काढून पुन्हा वाचला, आणि मला वाटलं, पाझर फुटला. रविवारी यांनी भर चर्चमध्ये मंडळीच्या पंचाचं पद सोडलं. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही त्याने मंडळी सांभाळू नये, असं सगळ्यांसमोर म्हणाले. घरी येऊन मला सांगितलं, की हे दिलं तुझ्यासाठी. आता मंडळी माझ्याकडे अशी बघते, जणू मीच यांचा हात मोडला. तू दाखवलेल्या वाटेने गेले आणि आणखी आत अडकले, ताई. तुला दोष देत नाही.

मग पाळकसाहेबांनी समजूत घालायला बोलावलं. ते बोलत होते, पाळकीणबाई चहा देत होत्या. निघताना त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि रुमालातून चिरलेली कवळी काढून हातात ठेवली. कोणाला न कळता नीट करून हवी होती. किती वर्षं हिरडी सोलवटते आहे, पण साहेबांनी कधी विचारलं नाही, म्हणून पाळकीणबाईंनीही सांगितलं नाही. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, की होते सवय.

बाईंनी धीर द्यायला म्हटलं होतं. मी मात्र कवळी रुमालात घट्ट बांधून घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

तुझी,
धाकटी

ता. १७ मार्च

ति. ताईस,
स. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. कवळी घेऊन कारखान्यात गेले. चीर जोडली, टोचणारी कड घासून काढली, आणि मग बाकावरून उठलेच नाही. मालकीणबाईंनी काही न विचारता पुढचा साचा माझ्यासमोर सरकवला.

संध्याकाळी यांना सांगितलं, की मी उद्याही जाणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. यांनी डोळे मिटले. मी उघडेच ठेवले. खूप लांबली प्रार्थना.

त्यानंतर आमच्यात बोलणं नाही. ताटं मांडताना, दिवा मालवताना नुसते भांड्यांचे आवाज. हे वाईट असते तर तुझ्याकडे यायला सोपं गेलं असतं. बॅग काढते आणि परत ठेवते. पण कामाला मात्र रोज जाते.

आज सकाळी हे दाराला पाठ लावून उभे होते. मला वाटलं, संपलं. यांनी विचारलं, की परत कधी येणार. लग्न झाल्यापासून यांनी मला मनापासून विचारलेला हा पहिलाच प्रश्न असेल. मी म्हटलं, काम संपल्यावर. हे बाजूला सरकले.

खोली अजून रिकामीच ठेव. आणि लोभ थोडा जास्तच असू दे, सध्या लागतो आहे.

तुझी,
धाकटी