सिंधूमावशींची अर्धी भाकर

६ मे
तुकईथडच्या सिंधूमावशींची साखर आजही वरच. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडायला लागलीय. डॉक्टर मॅडमनी इन्शुलिन पुन्हा वाढवलं. म्हणाल्या, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. मी मावशींना चांगलं फैलावर घेतलं. आंबे सुरू झालेत, केळी तर दारातच. सून म्हणाली, आंब्याला हात नाही लावत सिस्टर. माझा काडीचा विश्वास बसला नाही.

९ मे, शनिवार
दवाखाना आटोपल्यावर चहा. मॅडमनी नवीनच काढलंय हे. आठवड्यात कुठे बिनसलं ते सगळ्यांनी बोलायचं, कोणावर ढकलायचं नाही. सिंधूमावशींचा विषय निघाला. कंपाउंडर रवी लगेच, "मॅडम, ये लोग परहेज करते ही नहीं." पथ्य कोण पाळतं म्हणून मीही मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, हे सोडून दुसरं कारण असेल तर सांगा. भजी तेवढी संपली.

१३ मे
बाहेर नुसती आग. मावशी आल्या, साखर आणखी वर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून सहज बोलून गेली. औषधाची आम्ही किती काळजी घेतो, किराणावाल्याच्या आइसक्रीमच्या पेटीत ठेवतो, दगडासारखं गोठतं, मग हातात धरून वितळवतो.
गोठलेलं इन्शुलिन म्हणजे पाणीच. एवढे दिवस बाई पाणी टोचून घेतेय आणि आम्ही तेच वाढवतोय!
असं ठेवायला कोणी सांगितलं, विचारलं.
"तुम्हीच तर सांगेल होतं सिस्टर. एकदम थंडीत ठेवजा."
हो, सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगते.

१४ मे
मॅडमनी भरती करून घेतलं. नवी बाटली, डोस एकदम कमी करून. वाढवलेला डोस खऱ्या इन्शुलिनचा गेला असता तर साखर एकदम तळाला जाऊन... नको तो विचार.
संध्याकाळी बघते तर मावशींनी अर्धी भाकर खाल्ली, अर्धी फडक्यात. सून रडायला लागली. मी रागवायला लागले तेव्हापासून अर्ध्याच भाकरीवर आहेत म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

१६ मे, शनिवार
चहाला आज मीच आधी बोलले. सगळं. मॅडम म्हणाल्या, डोस मी वाढवला, मीही विचारलं नाही. मग ठरलं, साखर उतरत नसेल तर डोस वाढवायच्या आधी विचारायचं, औषध कुठे ठेवता. फ्रीज नाही त्यांना मडक्यात बाटली ठेवून वर ओलं फडकं कसं गुंडाळायचं ते इथेच दाखवायचं. रवी जुन्या पेशंटना फोन लावत बसला. खकनारचे एक गुरुजी पण बर्फाच्याच कप्प्यात ठेवतात! हसू आलं, मग आलं नाही. सांगणारी मीच ना.

२० मे
मावशींची साखर उतरतेय. जखमेच्या कडेला नवं गुलाबी मांस दिसतंय, पण मॅडम म्हणतात अंगठ्याचं आत्ताच काही सांगता येत नाही. सोमवारी सर्जन बघतील. मावशींना तसंच सांगितलं. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, मग आता आख्खी भाकर खाऊ का मी?"
खा म्हटलं. जवळ बसले. दुसरी अर्धी मोडताना दोनदा माझ्याकडे बघितलं त्यांनी, रागावते की काय म्हणून.