आधी सामान, मग माणसं

२ नोव्हेंबर
आजपासून भारताच्या नव्या अंतराळ स्थानकाचा आराखडा, घरबसल्या, स्वतःहून. एवढं मोठं स्टेशन तुकड्यातुकड्यांनी वर जाणार, पृथ्वीभोवती फिरता फिरता जोडलं जाणार. कुठलं यान कधी सोडायचं हे ठरवायला अनुभवी माणूस नको? न्हावा शेवा बंदरात माझा जन्म कंटेनरच्या प्लॅनिंगमध्ये गेला. नियम एकच : आधी सामान, मग माणसं. सगळं जागच्या जागी लागल्याशिवाय माणूस पाठवायचा नाही.

विचुंब्याच्या नव्या फ्लॅटलाही हाच नियम. सामान मी हलवलं. कीर्ती तोवर माहेरी, गव्हाणला. बायकोला अशी शिस्त मनातून आवडते.

९ नोव्हेंबर, सकाळी
मालवाहू उड्डाणं ठरली. ऑक्सिजन, पाणी, सुटे भाग. फ्लॅटमध्ये गॅस आला, पडदे नाहीत. कीर्तीचा फोन. म्हणाली, पडदे मी आल्यावर मिळून लावू. भोळी आहे! अर्धवट स्टेशनात कोणी क्रू उतरवतं का? तिची यायची तारीख पुढे ढकलली. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१५ नोव्हेंबर
सासरे आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, पोरगी काय कंटेनर हाय का, यार्डात ठेवाला? मी शांतपणे आराखडा समजावला. म्हणाले, तुमी र्‍हावा तुमच्या आभालात. आशीर्वादच म्हणायचा.

अंतराळवाल्यांना आराखड्याबद्दल ईमेल केली. उत्तर नाही. विचार चालू असणार.

२२ नोव्हेंबर
सौर पॅनेलचं गणित चुकलं. माणसांचं पहिलं उड्डाण लांबणीवर. कीर्ती फोन उचलत नाही. बॅगा भरत असेल.
सवयीने दोन ताटं काढली. एक परत ठेवलं. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

३० नोव्हेंबर
मेहुणा कल्पेश टेम्पो घेऊन आला. म्हणाला, दाजी, ताईनी तिचा सामान मागवलाय. कपाट, शिलाई मशीन, साड्या. गाडी कशी भरायची त्याला काही कळत नव्हतं. मशीन वर ठेवत होता! शेवटी मीच भरून दिली. जड खाली, हलकं वर, इंचभर जागा वाया नाही. निघताना तो माझ्याकडे बघत नव्हता. सर्व्हिसिंगला नेलं असेल सगळं.
खोलीत आवाज घुमतो.

७ डिसेंबर
वास्तुशांत. पडदे लागले, दिवे लागले, स्टेशनचा आराखडासुद्धा पूर्ण. सकाळी गव्हाणला गाडी पाठवली. रिकामी आली. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम दारातूनच नको म्हणाल्या.

गुरुजींनी विचारलं, वहिनी? म्हटलं, निघालीय. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मुहूर्त टळायला आला तेव्हा एक सुपारी माझ्या कमरेला खोचली. बायको शेजारी नसली की तिच्या जागी सुपारी चालते म्हणे.

ती सुपारी घेऊन पूजेला बसलो. रडू आवरेना. गुरुजी समजुतीने म्हणाले, होमाचा धूर लागतो कधी कधी.
मी म्हटलं, धूर नाही, गुरुजी.